आवकेचा तक्ता साफ कसा करायचा: एसक्यूएलमधली तयार फंक्शन्स, नवशिक्यांसाठी

डेटा एन्ट्रीचं किंवा एमआयएसचं (कंपनीचे अहवाल बनवायचं) काम नव्याने हाती आलेल्या मुलामुलींना एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतलं सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय हे सगळं लवकर जमतं. गाडी अडते ती पुढे. क्लासमध्ये दिलेल्या तक्त्यात आकडे खरोखर आकडे असतात आणि तारखा खरोखर तारखा. कामावरच्या तक्त्यात मात्र काटोल हे एकच गाव चार तऱ्हेने लिहिलेलं असतं, वजनाच्या रकान्यात 'नंतर सांगतो' असतं आणि भावाच्या रकान्यात काहीच नसतं. तरी क्वेरी चालते, कुठे लाल अक्षर दिसत नाही, उत्तर येतं आणि ते चुकीचं असतं.

अशा तक्त्यासाठी एसक्यूएलमध्ये तयार फंक्शन्स आहेत. एकूण शेकडो असतील, पण माझ्या मते रोजच्या कामाला दहा-बारा पुरे. पाठांतरापेक्षा क्रम सांभाळा: आधी पाहायचं, मग साफ करायचं आणि बेरजेला सगळ्यात शेवटी हात घालायचा. बहुतेक जण बेरजेपासून सुरुवात करतात.

उदाहरणासाठी नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचा संत्र्याचा तक्ता घेऊ. तक्ता काल्पनिक आहे, पण त्यातली घाण ओळखीची वाटेल. तक्त्याचं नाव आवक. रकाने असे: पावती, तारीख, शेतकरी, गाव, सांगितलेलं_वजन, वजन, भाव. वजन काट्यावरचं, क्विंटलमध्ये. भाव क्विंटलमागे रुपयांत. तक्ता बनवताना दोन्ही वजनं आणि भाव न्यूमरिक ठेवले आहेत, बाकी सगळं टेक्स्ट.

सुरुवात करण्याआधी

सरावाला एसक्यूएलाइट घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस फुकट आहे, सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवतो आणि सर्व्हर मागत नाही. अँड्रॉइड फोनच्या आतही तोच असतो. काळ्या खिडकीत टाइप करायचा कंटाळा असेल तर डीबी ब्राउझर फॉर एसक्यूएलाइट हे मोफत सॉफ्टवेअर टाका, साध्या लॅपटॉपवरही चालतं.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना आज्ञा, फंक्शनची नावं आणि सगळे अंक रोमनमध्येच टाकायचे. तक्त्याची आणि रकान्यांची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवता येतात, एसक्यूएलाइटला त्याचं वावडं नाही. जिथे स्पेलिंग चुकण्यासारखं आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

फंक्शन म्हणजे नाव आणि पुढे कंस. कंसात द्याल त्यावर काम करून ते उत्तर परत देतं. काही फंक्शन्स एकेका ओळीवर चालतात, जसं ट्रिम. काही अनेक ओळींचा मिळून एक आकडा देतात, जसं सम. हा फरक डोक्यात असला की पुढचं सोपं जातं.

पायरी १: आत काय आहे ते पाहा

पहिली क्वेरी बेरजेची नाही, चौकशीची:

सिलेक्ट टाइपऑफ(वजन), काउंट(*)
फ्रॉम आवक
ग्रुप बाय टाइपऑफ(वजन);

टाइपऑफ प्रत्येक किमतीचा (म्हणजे खणात जे भरलं आहे त्याचा) प्रकार सांगतं: इंटिजर, रिअल, टेक्स्ट किंवा नल. वजनाच्या रकान्यात इंटिजर आणि रिअल दिसणं ठीक. टेक्स्ट दिसलं की समजायचं, एसक्यूएलाइटला जे आकडा म्हणून वाचताच आलं नाही ते त्याने मजकूर म्हणून तसंच ठेवून घेतलं आहे. हा या डेटाबेसचा मोकळा स्वभाव. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आकड्यांच्या रकान्यात मजकूर शिरूच शकत नाही, भरतानाच तो नकार देतो. नवशिक्याला तो नकार कटकटीचा वाटतो, पण मला विचाराल तर तो उपकार आहे.

आता तो मजकूर काय आहे ते बघा:

सिलेक्ट पावती, वजन
फ्रॉम आवक
व्हेअर टाइपऑफ(वजन) = 'टेक्स्ट';

(इथला 'टेक्स्ट' अवतरणात, रोमनमध्ये, छोट्या लिपीत.) पडद्यावर साधारण अशी मंडळी येतात: '१,२००', '१२ क्विं. ४० किलो', 'नंतर सांगतो', आणि ज्यात काहीच दिसत नाही अशा काही ओळी.

त्या रिकाम्या दिसणाऱ्या ओळींपाशी जरा थांबा. तक्त्यात 'काही नाही' दोन प्रकारचं असतं. एक नल, म्हणजे माहितीच नाही. दुसरा रिकामा मजकूर, म्हणजे दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये काही नाही. पडद्यावर दोन्ही अनेकदा सारखे दिसतात, पण फंक्शन्स त्यांना अगदी वेगळं वागवतात. सीएसव्ही फाइलमधून माल आणला की रिकामा खण बहुधा रिकामा मजकूर होऊन येतो, आणि घोळ तिथेच होतो.

करून पाहा. तीन पावत्या घ्या: भाव ४०००, ५००० आणि तिसऱ्यात रिकामा मजकूर. एव्हीजी(भाव) काढा. उत्तर येईल ३०००. तिसरा भाव शून्य धरला गेला आणि भागायला तीन घेतले. तिसऱ्या जागी नल असता तर एव्हीजीने ती ओळ सोडून दिली असती आणि उत्तर आलं असतं ४५००. क्विंटलमागे दीड हजाराचा फरक, आणि तक्ता पाहून कोणाला कळणारही नाही.

आणखी एक चटकन होणारी तपासणी: मॅक्स(भाव) काढा. उत्तर रिकामं आलं किंवा 'नंतर सांगतो' आलं, तर रकान्यात मजकूर आहे हे नक्की. एसक्यूएलाइटच्या क्रमवारीत मजकूर नेहमी आकड्यांच्या वर बसतो.

पायरी २: नावं साफ करा

'काटोलचा माल या महिन्यात किती आला, भाऊ?' असं अडत्याने विचारलं की गावाने ग्रुप बाय करून आकडा द्यायचा, इतकंच काम. पण उत्तरात काटोल तीनदा दिसतं. डोळ्यांना तिन्ही सारखे. अशा वेळी किमतीभोवती कंस लावून पाहायचं:

सिलेक्ट '[' || गाव || ']', लेंग्थ(गाव), काउंट(*)
फ्रॉम आवक
ग्रुप बाय गाव;

दोन उभ्या रेघा मजकूर जोडतात. आता '[काटोल]', '[काटोल ]' आणि '[ काटोल]' असे तीन वेगळे दिसतील. पुढची-मागची मोकळी जागा ट्रिम(गाव) काढून टाकतं. फक्त डावीकडची काढायची तर एलट्रिम, उजवीकडची तर आरट्रिम. मला दोन्हींची गरज क्वचितच पडते.

ट्रिम लावूनही दोन काटोल राहिले तर? एसक्यूएलाइटमधलं साधं ट्रिम फक्त स्पेसबारची जागा काढतं. वेबपेजवरून किंवा एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात एक वेगळीच जागा असते, जिचा क्रमांक १६० आहे, आणि टॅबचा क्रमांक ९. त्यांनाही हाकलायचं असेल तर ट्रिमला दुसरा घटक द्या:

ट्रिम(गाव, ' ' || चार(१६०) || चार(९))

दुसऱ्या घटकात लिहिलेली सगळी चिन्हं दोन्ही टोकांहून निघून जातात. (चार म्हणजे सी-एच-ए-आर, क्रमांकावरून चिन्ह देणारं फंक्शन.)

मराठी मजकुराला याशिवाय स्वतःचा एक रोग आहे. तक्त्यात विभाग नावाचा रकाना जोडला आणि त्यात 'वऱ्हाड' लिहिलं. एकाने एका कीबोर्डवर, दुसऱ्याने दुसऱ्या. दिसायला दोन्ही अगदी सारखे, पण लेंग्थ एकाची ६ येते आणि दुसऱ्याची ७. एका कीबोर्डने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाकलेलं असतं. दुसऱ्याने साधा 'र', हलंत आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. उपाय रिप्लेस: 'र', हलंत आणि चार(८२०५) हा तुकडा शोधून त्या जागी 'ऱ' आणि हलंत घाला. नुसतं ८२०५ काढून टाकलंत तर 'र्ह' होऊन बसेल आणि वऱ्हाडाचं रूपच बदलेल.

लेंग्थबद्दल इथेच सांगून टाकतो. एसक्यूएलाइट आणि पोस्टग्रेस दोघेही 'नागपूर'ची लेंग्थ ६ सांगतात: न, काना, ग, प, ऊकार, र. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाचं फंक्शन बाइट मोजतं, म्हणून यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) उत्तर येतं १८; तिथे चार_लेंग्थ वापरायचं. नाव एकच आणि काम वेगळं, असं या भाषेत बऱ्याच ठिकाणी आहे. आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती १९७४ मध्ये मांडली, अमेरिकी मानक आलं १९८६ मध्ये. तोवर कंपन्यांनी आपापली फंक्शन्स बनवून विकायलाही काढली होती. म्हणून नव्या डेटाबेसवर गेलात की ओळखीच्या नावावरही आंधळा विश्वास ठेवू नका.

मजकूर कापायला सबस्ट्र (एस-यू-बी-एस-टी-आर). पहिला आकडा कुठून, दुसरा किती. मराठीवर ते जपून चालवा: सबस्ट्र('संत्रा', १, ३) विचारलंत तर 'संत' मिळेल. फळाचा साधू झाला. रोमन कोड, पावती क्रमांक आणि तारखा कापायला मात्र ते उत्तम.

पायरी ३: मजकुराचा आकडा करा

मजकुराचा आकडा करणारं कास्ट: कास्ट(वजन ॲज रिअल). एसक्यूएलाइटचं कास्ट मजकूर डावीकडून वाचत जातं, जितका आकडा वाचता येतो तितका घेतं आणि उरलेलं मुकाट सोडून देतं. याचे परिणाम नीट बघून घ्या (यातले अंक रोमनमध्ये टाइप केलेले समजा):

'१२.५' चे होतात १२.५. हे बरोबर.
'१,२००' चा होतो १. स्वल्पविरामाशी गाडी थांबली.
'१,२५,०००' चाही १.
'१२ क्विं. ४० किलो' चे होतात १२. चाळीस किलो हवेत.
'नंतर सांगतो' चं होतं ०.

आणि सगळ्यात फसवं हे: कीबोर्ड मराठीवर राहून गेला आणि कोणी बारा देवनागरी अंकांत टाइप केलं, तर कास्टचं उत्तर शून्य. देवनागरी अंक त्याला अंक वाटतच नाहीत. अशा ओळी असतील तर एकात एक दहा रिप्लेस लावून प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी रोमन अंक घालावा लागतो. दिसायला ओंगळ, पण एकदा लिहून ठेवलं की कायमचं काम होतं.

स्वल्पविरामाला रिप्लेस(वजन, ',', '') पुरतं. मग शून्याचा प्रश्न उरतो. इथे नलइफ (एन-यू-एल-एल-आय-एफ) कामाला येतं. त्याला दोन किमती द्या. दोन्ही सारख्या असल्या तर नल देतं, नाही तर पहिली जशीच्या तशी. सगळं जोडून:

नलइफ(कास्ट(रिप्लेस(ट्रिम(वजन), ',', '') ॲज रिअल), ०)

अशी साखळी नेहमी आतून बाहेर वाचायची. आधी जागा गेल्या, मग स्वल्पविराम गेले, मग आकडा झाला, आणि आकडा शून्य निघाला तर नल. रिकामा मजकूर आणि 'नंतर सांगतो' दोन्ही शून्य होऊन शेवटी नलमध्ये पोचतात, आणि 'माहिती नाही' हीच त्यांची खरी जागा. संत्र्याचं वजन किंवा भाव शून्य असूच शकत नाही म्हणून हे चालतं. शेतकऱ्याच्या बाकी रकमेच्या रकान्यावर मात्र हे लावू नका. तिथे शून्य म्हणजे हिशोब चुकता झाला, ती खरी माहिती आहे.

'१२ क्विं. ४० किलो' अशा ओळींना फंक्शनची करामत करत बसू नका. पाच-दहा असतील तर पावती पाहून हाताने दुरुस्त करा:

अपडेट आवक सेट वजन = १२.४ व्हेअर पावती = ३१७;
सिलेक्ट चेंजेस();

चेंजेस() शेवटच्या आज्ञेने किती ओळी बदलल्या ते सांगतं. उत्तर १ हवं. तिथे भलताच आकडा दिसला तर व्हेअर लिहायचं राहिलं आहे आणि अख्ख्या आवकेचं वजन १२.४ झालं आहे. म्हणून अपडेटच्या आधी बिगिन लिहायची सवय लावा: आकडा बरोबर आला तर कमिट (बदल पक्का), नाही तर रोलबॅक (बदल रद्द).

पायरी ४: नसलेल्या किमतीचं काय करायचं

कोअलेस हे या सगळ्यांतलं माझं आवडतं फंक्शन. स्पेलिंग अवघड आहे: सी-ओ-ए-एल-ई-एस-सी-ई. त्याला कितीही किमती द्या, डावीकडून पहिली जी नल नाही ती परत मिळते. काट्याची पावती आली नसेल तर शेतकऱ्याने सांगितलेलं वजन धरायचं असं ठरलं असेल, तर:

कोअलेस(वजन, सांगितलेलं_वजन)

दोनच किमती असतील तर एसक्यूएलाइट आणि मायएसक्यूएलमध्ये इफनल, ओरॅकलमध्ये एनव्हीएल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये इजनल अशी आपापली नावं आहेत. कोअलेस सगळीकडे चालतं, म्हणून तेच अंगवळणी पाडा.

त्याचा गैरवापरही भरपूर होतो. नल दिसला की कोअलेस(भाव, ०) लिहून मोकळं होणारे लोक आहेत. त्याने सरासरी पुन्हा त्या ३००० च्या खड्ड्यात जाते. शून्य घालायचंच तर शेवटी, छापायच्या रिपोर्टमध्ये घाला. त्या महिन्यात एखाद्या गावची एकही ओळ नसेल तर सम शून्य देत नाही, नल देतं. तिथे कोअलेस(सम(वजन), ०) अगदी योग्य.

मजकूर जोडतानाही हे लागतं. शेतकरी || ', ' || गाव यात गाव नल असलं तर शेतकऱ्याचं नावही गायब होतं, अख्खं उत्तर नल. त्यामुळे कोअलेस(गाव, 'गाव नोंदलेलं नाही').

पायरी ५: तारखा

आपल्याकडे तारीख लिहितात १५/११/२०२४ अशी. एसक्यूएलाइटच्या तारीख-फंक्शन्सना ती कळत नाही. त्यांना २०२४-११-१५ हवी. न कळलेल्या तारखेवर डेट() गप नल देतं, त्याचाच उपयोग करून घ्या:

सिलेक्ट पावती, तारीख
फ्रॉम आवक
व्हेअर डेट(तारीख) इज नल;

जितक्या ओळी आल्या तितक्या उलटवायच्या आहेत. दिवस आणि महिना दोन्ही दोन अंकी असतील तर सबस्ट्र पुरतं:

सबस्ट्र(तारीख, ७, ४) || '-' || सबस्ट्र(तारीख, ४, २) || '-' || सबस्ट्र(तारीख, १, २)

पण कोणी ५/११/२०२४ लिहिलं असेल तर सगळी मोजणी एका घराने सरकते. म्हणून आधी व्हेअर लेंग्थ(तारीख) <> १० लावून असल्या तारखा शोधा आणि दुरुस्त करा.

अशा उलटवलेल्या तारखेला पुढे दिनांक म्हणू. तारीख नीट झाली की महिना काढायला सबस्ट्र(दिनांक, १, ७) सरळ आणि पुरेसं. स्ट्रफटाइम (एस-टी-आर-एफ-टी-आय-एम-ई) जास्त काही करतं, त्यात टक्क्याच्या खुणेपुढचा छोटा एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटं. ही अदलाबदल झाली की अहवालात सगळी आवक महिना '००' मध्ये जमा झालेली दिसते.

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्याला एक सोपी युक्ती. तारीख तीन महिने मागे न्या आणि साल घ्या: सबस्ट्र(डेट(दिनांक, '-३ मंथ्स'), १, ४). ('मंथ्स' आणि पुढचे 'नाउ' वगैरे अवतरणातले शब्दही रोमनमध्येच.) मार्च २०२५ ची पावती डिसेंबर २०२४ मध्ये जाते, म्हणून उत्तर २०२४, म्हणजे २०२४-२५. एप्रिलची जानेवारीत जाते, म्हणून २०२५. संत्र्याच्या बहाराला, म्हणजे फळाच्या हंगामाला, मात्र हे लागू नाही. आंबियाचा माल साधारण पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्यात येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चकडे, आणि दोन्हींची टोकं दर वर्षी मागेपुढे होतात. बहाराचा वेगळा रकाना ठेवून माल पाहणाऱ्यालाच तो भरू द्या. महिन्यावरून बहार ठरवणारी केस-व्हेन (अटीप्रमाणे उत्तर देणारी रचना) लिहिता येते, पण मी ती वापरणार नाही.

आता 'आज'. डेट('नाउ') आजची तारीख देतं, पण ती जागतिक वेळेची. आपली वेळ साडेपाच तास पुढे. दुपारी चालवलेल्या क्वेरीत फरक दिसत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण संत्र्याच्या गाड्या रात्रीच लागतात. पहाटे ४ वाजता पावती फाडली तर जागतिक घड्याळात आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि पावतीवर कालची तारीख पडते. उपाय एका शब्दाचा: डेट('नाउ', 'लोकलटाइम'). संगणकाची स्वतःची वेळ भारतीय लावलेली नसेल, भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा नसते, तर डेट('नाउ', '+३३० मिनिट्स') लिहा.

किती दिवसांची रक्कम थकली हे काढायला दोन तारखांचे ज्युलियनडे() वजा करा. उत्तर दिवसांत मिळतं. नुसत्या तारखा थेट वजा केल्या तर काही तरी आकडा येईल, पण तो दिवसांचा नसेल.

पायरी ६: साफ माल वेगळा ठेवा, मग बेरीज करा

मूळ तक्त्यावर रोज रिप्लेस आणि कास्ट चालवत बसू नका. एकदाच व्ह्यू बनवा. व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेली क्वेरी. मूळ तक्ता हलत नाही, पण व्ह्यू तक्त्यासारखाच वापरता येतो.

क्रिएट व्ह्यू साफ_आवक ॲज
सिलेक्ट पावती, शेतकरी,
ट्रिम(गाव, ' ' || चार(१६०) || चार(९)) ॲज गाव,
सबस्ट्र(तारीख, ७, ४) || '-' || सबस्ट्र(तारीख, ४, २) || '-' || सबस्ट्र(तारीख, १, २) ॲज दिनांक,
नलइफ(कास्ट(रिप्लेस(ट्रिम(वजन), ',', '') ॲज रिअल), ०) ॲज वजन,
नलइफ(कास्ट(रिप्लेस(ट्रिम(भाव), ',', '') ॲज रिअल), ०) ॲज भाव
फ्रॉम आवक;

व्ह्यू झाला की विश्वास ठेवण्याआधी नमुना पाहा: सिलेक्ट * फ्रॉम साफ_आवक ऑर्डर बाय रँडम() लिमिट १०. वरच्या दहा ओळी पाहून उपयोग नसतो, त्या नेहमी नीट असतात. रँडम() तक्त्यातून कुठूनही दहा काढून देतं. त्या कागदी पावत्यांशी ताडून बघा.

आता सरासरी भाव. एव्हीजी(भाव) इथे खरा भाव देत नाही. समजा एका गाडीत २ क्विंटल, भाव ५०००. दुसरीत १८ क्विंटल, भाव ४०००. एव्हीजी म्हणतं ४५००. पण २० क्विंटल माल ८२,००० रुपयांना गेला, म्हणजे क्विंटलला ४१००. अडत्याच्या डोक्यात हा दुसराच आकडा असतो, आणि तुम्ही ४५०० सांगितलंत तर तो संगणकालाच नावं ठेवेल. म्हणून:

सम(वजन * भाव) / सम(वजन)

यात एक खाच आहे. भाव नल असलेल्या ओळीत वजन * भाव नल होतं आणि वरची बेरीज ती ओळ सोडते. खालची बेरीज मात्र तिचं वजन धरते. भाव विनाकारण पडलेला दिसतो. दोन्ही बेरजा त्याच ओळींवर चालल्या पाहिजेत, म्हणून व्हेअरमध्ये अट:

सिलेक्ट गाव, सबस्ट्र(दिनांक, १, ७) ॲज महिना,
काउंट(*) ॲज पावत्या,
राउंड(सम(वजन), २) ॲज एकूण_वजन,
राउंड(सम(वजन * भाव) / सम(वजन), २) ॲज सरासरी_भाव
फ्रॉम साफ_आवक
व्हेअर वजन इज नॉट नल अँड भाव इज नॉट नल
ग्रुप बाय गाव, महिना
ऑर्डर बाय महिना, गाव;

'= नल' लिहू नका, ते कधीच खरं ठरत नाही. 'इज नल' किंवा 'इज नॉट नल'च लागतं.

राउंड शेवटीच. प्रत्येक ओळ राउंड करून मग बेरीज केली तर पैशापैशाचा फरक साठत जातो आणि मुनीमजींच्या कागदी बेरजेशी जुळत नाही. शिवाय संगणक दशांश आकडे दोनाच्या घातांत साठवतो, ९.९५ त्याच्याकडे ९.९५ पेक्षा किंचित कमी असतो. म्हणून राउंड(९.९५, १) चं उत्तर १० ऐवजी ९.९ आलं तर चकित होऊ नका. पैशांचा पक्का हिशोब असेल तर रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणं बरं. पण मग भागाकाराला जपा: एसक्यूएलाइट आणि पोस्टग्रेसमध्ये ५ भागिले २ हे २ होतात, दोन्हीकडे पूर्णांक असले तर. एका आकड्याला १.० ने गुणा म्हणजे २.५ मिळतील.

लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकायला एसक्यूएलाइटमध्ये सोय नाही. प्रिंटएफ स्वल्पविराम टाकतं, पण विलायती पद्धतीने, दर तीन अंकांनी. ते काम एक्सेलवर सोडा.

वरच्या अहवालातून काही पावत्या गळल्या आहेत, वजन किंवा भाव नव्हता म्हणून. किती, ते काउंट सांगतं. काउंट(*) सगळ्या ओळी मोजतं, काउंट(भाव) फक्त भाव असलेल्या:

सिलेक्ट गाव,
काउंट(*) - काउंट(वजन) ॲज वजन_नाही,
काउंट(*) - काउंट(भाव) ॲज भाव_नाही,
ग्रुप_कॉनकॅट(केस व्हेन वजन इज नल ऑर भाव इज नल देन पावती एंड) ॲज पावती_क्रमांक
फ्रॉम साफ_आवक
ग्रुप बाय गाव;

ग्रुप_कॉनकॅट त्या गावच्या अडलेल्या पावत्यांचे क्रमांक स्वल्पविरामाने जोडून एका खणात देतं (पोस्टग्रेसमध्ये याच कामाला स्ट्रिंग_एजीजी). केसमध्ये एल्स नाही, त्यामुळे पूर्ण पावत्यांवर नल येतो आणि ग्रुप_कॉनकॅट तो गाळतं. ही यादी अहवालाच्या खालीच छापा आणि मुनीमजींकडे द्या. त्यांच्या वहीत ते आकडे बहुधा असतात. ते भरून आले की मूळ आवक तक्त्यात अपडेट करा. व्ह्यू आपोआप नवा आकडा दाखवेल.